बघू

"बॉयलर पेटवण्यास मृत कर्मचाऱ्याने स्वतः मंजुरी दिली होती," असे चौकशी अहवाल म्हणतो.

वाक्य नेटके आहे. शुद्धलेखनही निर्दोष. फक्त ते खोटे आहे.

पुढची हकिकत खरी आहे. भुतांवर विश्वास नसणाऱ्यांनी तो अहवालांवर तरी का ठेवावा?

कारखान्याचे प्रत्येक काम नव्या सॉफ्टवेअरवर चढले. एकाने 'मंजूर' दाबल्याशिवाय काम दुसऱ्याकडे सरकेना. बॉयलर तपासणाऱ्या ठोकेमामांनाही बटणे मिळाली. मामा पत्र्यावर हातोडीने ठोका मारीत, कान लावीत. आवाज बद्द आला की म्हणत, "बघू." मामांचे 'बघू' म्हणजे ठाम नकार, हे भट्टीजवळच्या मांजरालाही ठाऊक होते.

लोकांना सॉफ्टवेअर शिकवण्याचे काम त्यांच्या सख्ख्या भाचीकडे होते.

"आवाज बद्द येतोय गं," त्या सकाळी चहा पिताना मामा म्हणाले. "बटण नाही दाबलं. 'बघू' लिहून आलोय."

"मामा, त्याला 'बघू' कळत नाही!"

"मग शिकव की त्याला. मास्तरीण ना तू?"

ती हसली. तेवढ्यात बॉयलर गुरगुरला. कुणीतरी पेटवला होता! मामा कप तसाच टाकून तो विझवायला धावले...

परत आले नाहीत.

नोंदीत 'बघू' नव्हते. 'मंजूर' होते. खाली मामांचे नाव.

सॉफ्टवेअरची खाती भाचीच सांभाळी, म्हणून अहवालावर शेवटची मंजुरी तिची हवी होती. भर दुपारी, लख्ख उजेडात, कारखान्याच्या साहेबांनी तिला बैठकीच्या खोलीत बसवले.

"दाबा, मॅडम. बटण आहे ते, विंचू नाही."

"मामांनी मंजुरी दिली नव्हती, साहेब."

"नोंद खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. नोकरी हवी आहे ना?"

तिचे बोट पुढे झाले...

ठक्.

भिंतीतल्या नळीतून. स्फोटानंतर बॉयलर उरला नव्हता. त्याच्या नळ्या केव्हाच कापल्या होत्या.

स्क्रीनवर, मामांच्या नावापुढे, एक शब्द उमटला.

बघू.

"कोण चावटपणा करतंय? बंद करा ते खातं!"

"मीच बंद केलंय, साहेब. अंत्यविधीहून आल्यावर."

ठक्... आवाज भिंतीतून सरकत गेला. साहेबांच्या पाठीमागे थांबला.

ठक्. खुर्चीच्या लोखंडी पाठीवर. खणखणीत.

मग क्षणभर शांतता... कुणीतरी कान लावल्यासारखी.

पुढचा ठोका साहेबांच्या बरगडीवर पडला.

आवाज बद्द आला.

साहेब बोलले. अहवालाखालच्या शेऱ्यात भाचीने ते जसेच्या तसे टंकले आणि 'नामंजूर' दाबले. बटण दाबणारा तो हात कुणाचा होता, हे तिला आजही सांगता येत नाही. कुणी सहज "बघू" म्हटले, तरी ती आधी भिंतीकडे बघते.

शेरा असा आहे:

"त्यांनी 'बघू' लिहिलं होतं. मला अर्थ कळला होता. ते खोडून त्यांच्या नावाने मंजूर मी केलं. आता त्यांना ठोकणं थांबवायला सांगा."