आबांचं सिम टाकलेला ट्रॅकर

तुम्ही हसा, मी नाही म्हणत नाही. भुताखेताच्या गोष्टी ऐकून सगळ्यात आधी मीच दात काढायचो. पण हे माझ्याच खोलीत घडलंय, आणि मी दारूला शिवत नाही. दौंडला, या नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी पाच चाळीसला.

मी माऊली. गाव निमोणे, तालुका शिरूर. कुरकुंभला एका कंपनीत मशीन चालवतो आणि दौंडला भाड्याच्या खोलीत एकटाच राहतो. आई लहानपणीच गेली. वडील, आमचे आबा, यंदा मार्चमध्ये गेले. खोलीवर बोलायला कुणी नाही, म्हणून जेवताना टीव्ही लावून ठेवतो.

दसऱ्याला इलेक्ट्रिक बाईक घेतली. महिन्याभरात आमच्या गल्लीतून तशाच दोन गाड्या चोरीला गेल्या. मग ट्रॅकर बघायला हनुमंतच्या मोबाईलच्या दुकानात गेलो.

"ही बारकी चकती स्वस्त हाय," हनुमंत म्हणाला. "पन आसपास कुनाचा फोन नसंल तर गाडी कुठं हाय ते कळत न्हाई. चोर काय गर्दीत गाडी ठिवतो व्हय? सिमवाला घे. गाडीला धक्का लागला की तुला कॉल येतो. उचलला की गाडीजवळचं बोलनं बी ऐकू येतं. घरात एखादं जुनं सिम हाय का?"

होतं.

आबांचं.

आठ महिने मी त्या नंबरला रिचार्ज मारत होतो. का, ते सांगतो. आबा गेले त्या शुक्रवारी माझी सेकंड शिफ्ट होती, तीन ते अकरा. कंपनीत फोन लॉकरला ठेवूनच आत जावं लागतं. सुटल्यावर पाहिलं, तर आबांचे तीन मिस्ड कॉल. पाच चाळीसला, लागोपाठ.

आबा गावाला आमच्या माळावर बाभळीखाली सापडले. फोन हातात होता. त्यांना काय सांगायचं होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. रोज रात्री पाठ टेकली की तेवढंच डोक्यात येतं.

सिम ट्रॅकरमध्ये गेलं, ट्रॅकर गाडीला बसला. माझ्या फोनमधलं त्या नंबरचं नाव बदलायचं राहून गेलं. खरं सांगू? मी बदललंच नाही.

त्या शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट करून आलो. गाडी दाराच्या आत घेतली, चार्जिंगला लावली. चहा टाकला. फोन वाजला…

स्क्रीनवर नाव… आबा.

मी नाव दोनदा वाचलं. मग स्वतःलाच शिवी घातली. अरे येड्या, ट्रॅकर आहे तो!

पण गाडीला धक्का कुणी दिला?

खोलीत मी एकटाच होतो.

कॉल कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला… घड्याळात पाच चाळीस.

ट्रॅकरचं ॲप उघडलं. गाडी माझ्यासमोर, वायर लावलेली. नकाशावरचा ठिपका मात्र दौंडात नव्हता…

भीमेच्या पलीकडे. निमोण्यात. आमच्या माळावर.

"टावरचा घोळ असंल," दुसऱ्या दिवशी दुकानात हनुमंत म्हणाला आणि त्यानं ट्रॅकर बदलून दिला.

पुढच्या शुक्रवारी मी फोन मांडीवर घेऊनच बसलो. नवा ट्रॅकर, जुनं सिम. पाच चाळीस…

वाजला.

उचलला.

आधी नुसता वारा. मग घंट्या… मेंढरांच्या. त्यांत एक फुटकी. घुमत नाही, नुसती ठक्क वाजते. ती आमच्या म्होरक्या मेंढ्याची. मेंढरं विकून अकरा वर्षं झाली, तेवढी एक घंटी आबांनी ठेवली होती. आता ती माझ्या खोलीत खिळ्याला आहे. मी मान वर केली…

घंटी हलत नव्हती.

फोनमध्ये वाजत होती.

मग कुणीतरी खाली बसल्याचा आवाज. धाप लागलेला श्वास. आणि आबांचं, फोन लावला की ठरलेलं पहिलं वाक्य…

"कामात हाईस का रं? ठिवू का?"

मी "न्हाई" म्हणेपर्यंत फोन कट झाला.

आबा कायम असंच विचारायचे. आणि मी कितीदा "हां, नंतर करतो" म्हणून ठेवून दिलंय. आता त्याची लाज वाटते.

माळाशेजारी राहणाऱ्या सरूकाकीला फोन केला.

"काकी, माळावर कुणी येतं का गं?"

"मानूस न्हाई दिसत. पन शुक्रवारी सांच्याला मेंढरांच्या घंट्या वाजत्यात. मला वाटलं, तूच परत मेंढरं घेतली का काय."

त्यानंतर दर शुक्रवारी एकच कॉल येतो. मी पहिल्या रिंगला उचलतो. "कामात न्हाई आबा, बोला." घंट्या एकदम थांबतात… सगळ्या. पलीकडे कुणीतरी ऐकत असतं. मग कट.

हनुमंत म्हणतो, सिम मोडून टाक. मी नाही मोडलं. भीती वाटते का? वाटते. पण आठवड्यात मला फोन करणारं दुसरं आहे कोण?

काल नोटीस बोर्डावर यादी लागली. सोमवारपासून मला सेकंड शिफ्ट. तीन ते अकरा. शुक्रवारी पाच चाळीसला फोन पुन्हा लॉकरमध्ये वाजणार.

फोन आत न्यायची परवानगी मागायला आज सुपरवायझरकडे गेलो.

"एवढं काय अर्जंट हाय? कुनाचा कॉल येनार हाय?" त्यांनी विचारलं.

मी तिथंच उभा राहिलो…

मागे लाईन लागली होती, तरी मी बाजूला झालो नाही.