दुखलं तर डावा हात

तो आला होता फक्त सही घ्यायला.

इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाली, तसं चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातून लिहून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याच्या एका हातात कागद होता आणि दुसरा हात गालावर. गाल तरी कसला, त्या बाजूचा डोळासुद्धा सुजून बारीक झालेला. काउंटरवर बसलेल्या मुलीने सही करता करता विचारलं, "किती दिवस झाले?"

"लिफ्टला? कालपासूनच बंद होती—"

"दाताला."

तो दोन पावलं मागे सरकला, पण तोवर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. या डॉक्टरीणबाई म्हणजे तिची सख्खी मावशी, आणि मावशीच्या नजरेला पडलेला दात आजवर सुटलेला नाही. पाचव्या मिनिटाला लिफ्टवाला खुर्चीत आडवा झाला होता, डोळे गच्च मिटून.

"वीस-वीस मजल्यांवर लोंबकळत काम करता ना तुम्ही?" मावशी म्हणाली. "आणि एवढ्याशा सुईला घाबरता?"

"डॉक्टर... तिथे दोरी असते हो."

तिला हसू फुटलं. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं. लाळ ओढायची नळी घेऊन ती नेहमीप्रमाणे पेशंटच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि दिवसातून दहा वेळा म्हणायचं ते वाक्य म्हणाली, "दुखलं तर डावा हात वर करा. लगेच थांबू."

छताला एक टीव्ही होता, रडणाऱ्या मुलांना कार्टून दाखवायला. त्यावर तिने काय मनात आलं कुणास ठाऊक, स्वतःच्या आवडीची एक नवी कोरियन मालिका लावली. पहिला भाग. छतावर पाऊस पडू लागला. बसस्टॉपवर एक मुलगी भिजत होती, एक मुलगा छत्री घेऊन आला, आणि दोघं अवाक्षर न बोलता एकमेकांकडे बघत राहिली... बघतच राहिली. ड्रिल घरघरत होतं. लिफ्टवाल्याने डावा हात वर केला.

मावशी थांबली. "दुखतंय?"

"नाही... पण ती बोलत का नाही त्याच्याशी?"

"या मालिकांत आठव्या भागात बोलतात," ती म्हणाली. "तोवर येत राहा."

म्हणाली आणि तिने जीभ चावली.

रूट कॅनॉल, मग कॅप. मिळून सहा खेपा, दर गुरुवारी पाच वाजता. मालिकेचे भाग सोळा. हिशेब तिनेच बसवला: दोन भाग आपापल्या घरी, तिसरा इथे. "पुढचं आधी पाहिलंत तर भूल न देता ड्रिल लावीन," तिने बजावलं.

"आणि तुम्ही पाहिलंत तर?"

"मी भित्री आहे. मी नाही पाहत."

ते त्याला थट्टेचं वाटलं, पण होतं खरंच. मावशी या मालिकांना नावं ठेवायची. "एवढ्या वेळात माझे चार दात होतात, आणि यांचं अजून बोटाला बोट लागत नाही!" पण तिला नेमकं तेच आवडायचं. तिथे कुणाला घाई नसते. एखादा नुसता बुटाची नाडी बांधून देतो आणि अख्खा भाग त्यावर उजळून निघतो. आजवर तिने अकरा मालिका पाहिल्या होत्या, आणि अकराही पंधराव्या भागानंतर, शेवटचा न बघता, सोडून दिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाची तारीख ठरली होती, कपडे शिवून आले होते, आणि एका सकाळी फोन आला, की आमचं काही जमेलसं वाटत नाही. तेव्हापासून शेवट जवळ आला की ती टीव्हीच बंद करून टाकायची. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, ही तर ताकाच्या वाटेलाच जात नव्हती.

गुरुवार येत गेले. बोलणं फारसं व्हायचंच नाही. त्याचं तोंड उघडं, हिचं मास्कमागे. पण छतावर कुणी कुणाला छत्रीत घेतलं की त्याची नजर हळूच डावीकडे वळायची, आणि तिच्या हातातली नळी भलत्याच ठिकाणी लागायची.

तिसऱ्या गुरुवारी तिच्या लक्षात आलं, की साडेचारपासूनच आपले कान लिफ्टच्या आवाजाकडे लागलेले असतात. त्या दिवसापासून तिला भीती वाटायला लागली. आदल्या दिवशी वेळेची आठवण करून द्यायला ती फोन करायची, त्यात नको ते विचारायची.

"दोरी तपासता ना रोज?"

"रोज."

"आज तपासलीत?"

"आज... तुमच्यासाठी पुन्हा तपासतो."

शेवटचा गुरुवार उजाडला. पंधरावा भाग पाहून झाला होता. पंधराव्या भागात काहीतरी वाईट घडतंच, हा त्या मालिकांचा नियमच. या वेळी हिरोला अपघात झाला होता आणि रस्त्यावर पडलेला त्याचा फोन नुसता वाजत राहिला होता.

पाच वाजले. सव्वापाच झाले. तो आला नाही. आली ती साडेपाचच्या वेळेची आजीबाई, जिना चढून, धापा टाकत.

"लिफ्ट मधेच लटकलीय गं. आत कुणीतरी आहे वाटतं. हाक मारली तर ओ देत नाही."

तिने त्याचा नंबर लावला, आणि बाहेर, लिफ्टच्या पोकळीतून, बारीकशी रिंग ऐकू आली. वाजली... वाजतच राहिली. कुणी उचलला नाही.

ती जिन्यावरून धावत सुटली. 'देवा, दोरी,' एवढंच तिच्या तोंडात होतं. तिसऱ्या मजल्यावर जाळीच्या दारामागे लिफ्ट अर्धवट अडकली होती, आणि तिच्या तोंडासमोर होते फक्त दोन बूट. एकाची नाडी सुटलेली. बूट हलत नव्हते.

"अहो!" ती जाळी धरून किंचाळली. "अहो, ऐकू येतंय का?"

बूट दचकले.

"लागलंय का कुठे? दोरी तुटली? थांबा, मी फायर ब्रिगेडला—"

"नको, नको!" आतून आवाज आला. "काही तुटलेलं नाही. मीच... लाल बटण दाबलंय."

क्षणभर तिला कळेचना, आणि मग असा संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

"टांगलेला तर मी आहे," आवाज म्हणाला.

"विनोद करू नका! आज ड्रिलसुद्धा नाही. नुसती कॅप बसवायची. तिचीही भीती?"

"हो. कॅप बसली की दात बरा. दात बरा झाला की मी काय म्हणून येऊ? तीन मजले तेच योजत होतो, तुम्हाला काय सांगायचं ते. चौथा यायला लागला आणि... हिंमत संपली."

"आणि फोन?"

"तुमचं नाव दिसलं. मग तर उचलवेचना."

वर पळून जावं, मास्क लावावा आणि काही ऐकलंच नाही असं दाखवावं, असं तिला फार फार वाटलं. पण ती जाळी धरूनच उभी राहिली.

"मी शेवटचा भाग बघत नाही," ती म्हणाली. "कुठलाच, कधीच. आजही तुम्हाला तो लावून देऊन मी बाहेर जाऊन बसणार होते."

"का?"

"वाईट निघाला तर?"

बुटांच्या जागी गुडघे आले, आणि मग वाकून जाळीतून बघणारा त्याचा चेहरा. सूज केव्हाच उतरली होती. चांगला होता चेहरा. घाबरलेला, अगदी तिच्याइतकाच.

"तर डावा हात वर करा," तो म्हणाला. "लगेच थांबू."

वरून मावशीचा आवाज घुमला, "सापडला का गं पेशंट? की कॅपचं सिमेंट कालवून नुसती बसू?"

कॅप दहा मिनिटांत बसली. मावशीने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि हातमोजे काढत म्हणाली, "आजीबाईंना मी बाहेरच तपासते. इथे माझं काम संपलंय."

तो खुर्चीतून उठला नाही. ती स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली, पहिल्यांदाच मास्कशिवाय. छतावर सोळावा भाग सुरू झाला. हॉस्पिटलचा लांब पांढरा बोळ, शेवटी एक बंद दार, आणि छत्रीवाली मुलगी एकेक पाऊल टाकत त्या दाराकडे निघालेली. मुलीचा हात कडीवर पडला, आणि हिचा डावा हात आपोआप वर गेला.

"दुखतंय?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

त्याने रिमोट उचलला.

"बंद नको करूस," ती म्हणाली. हात अजून वरच होता. "नुसता धर."

त्याने धरला. छतावरचं दार उघडलं, आणि ती बघत राहिली.