डाव्या फुफ्फुसातला श्वास

बसा, सांगते. दिवा जरा अलीकडे घ्या. आणि माझं होईपर्यंत मध्ये काही विचारू नका.

भर दुपार होती. मुलांच्या अतिदक्षता विभागात खिडक्यांमधून लख्ख ऊन येत होतं. नमुना घ्यायची रिकामी बाटली हातात घेऊन मी खाटेपाशी आले. काम रोजचंच. चार वर्षांची मुलगी न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होती आणि तिच्या फुफ्फुसातला कफ तपासायला पाठवायचा होता. विषाणू की जीवाणू, एवढंच मला हवं होतं. पण सगळं त्यावरच अडलं होतं. जीवाणूंवरचं जालीम औषध चालू होतं आणि त्यानं तिची मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. आजार नुसता विषाणूचा असेल, तर आम्ही तिला विनाकारण विष देत होतो. जीवाणूंचा असेल आणि मी औषध थांबवलं, तर पोरगी हातची जाणार होती.

"दोन्ही धरून चालायचं," आमचे सर म्हणाले. "विषाणू दार उघडतो, मागून जीवाणू घुसतो. आत कोण कोण बसलंय ते मोजायला आपण काय जनगणनेवर आहोत?"

"मोजायलाच हवं, सर. अंदाजानं औषधं ओतायची, तर शिकलो कशाला?"

"बरं बाई, काढ नमुना. बघू तुझा पाहुणा कोण निघतो."

मुलीला स्नायू सैल करणारं औषध दिलेलं होतं. त्या औषधावर पापणीसुद्धा हलत नाही, श्वास घेतं ते फक्त यंत्र. काचेपलीकडे तिचे आईवडील उभे होते. वडिलांची नजर मुलीच्या छातीवरून हलत नव्हती.

"सिस्टर, सोडवा."

सिस्टरनी व्हेंटिलेटरची नळी सोडवली. यंत्राचा फुसफुसाट थांबला. मी स्टेथोस्कोप मुलीच्या छातीवर टेकवला. उजवीकडे काहीच नाही. तसंच असायला हवं होतं. मग डावीकडे टेकवला.

आत कुणीतरी श्वास घेतला.

संथ, लांबलचक, घशात खरखरणारा. जड ओझं वाहून आलेला थोराड माणूस भिंतीला टेकून घेतो तसा.

"सिस्टर... तुम्ही श्वास घेतलात?"

"घेतेच आहे. का, बंद करू?" त्या हसल्या. मग त्यांची नजर मुलीच्या छातीवर गेली. डावी बाजू एकटीच वरखाली होत होती. "डॉक्टर... हे काय आहे?"

मी घाईघाईनं कफ ओढून घेतला आणि बाटली बंद केली. तेवढ्यात मुलीचा हात उठला. जो उठणं शक्यच नव्हतं, तो हात. त्यानं सिस्टरांचं मनगट पकडलं आणि पिळलं. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. सिस्टर सलाइनच्या स्टँडसकट कोसळल्या. काचा फुटल्या. मुलीचं डोकं खाटेच्या कठड्यावर आपटू लागलं, पुन्हा पुन्हा, जणू कुणी केसांना धरून आपटत होतं. श्वासाच्या नळीतून रक्त उसळलं. आणि जळक्या कोळशाचा, तापलेल्या लोखंडाचा वास खोलीभर पसरला.

सर धावत आले, त्यांनी डोकं दाबून धरलं, नळी परत जोडली. पण छातीची डावी बाजू ढोलासारखी तट्ट फुगत चालली होती. फुफ्फुस फाटलं होतं. आत कोंडलेली हवा हृदयाला चिरडत होती. ती बाहेर काढायची तर छातीत सुई घालण्यावाचून इलाज नव्हता. मी जाड सुई उचलली आणि काखेखाली दोन फासळ्यांमधली जागा बोटानं चाचपली.

"तिथे नको."

वडील आत आले होते. आवाज अगदी हळू. "तिथे नको, मॅडम... तिथे खुपसू नका..."

"बाजूला व्हा."

त्यांनी माझे केस धरले आणि माझं तोंड कठड्यावर आदळलं. दात तुटला. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. सरांनी त्यांच्या बरगडीत कोपर हाणलं, तेवढ्या उसंतीत मी सुई आत घातली.

हवा सुटली. गरम, काजळीच्या वासाची. ती सुटतच राहिली. एवढ्याशा छातीत एवढी हवा मावूच शकत नाही. शेवटी शेवटी तर तो नुसता फुसकारा राहिला नव्हता, एखाद्याचा जीव जाताना घशातून निघतो तसा आवाज होता. वडील आपली डावी कूस दोन्ही हातांनी दाबून भिंतीशी खाली बसले. मुलीचे ओठ मात्र गुलाबी झाले होते.

प्रयोगशाळेतून फोन आला. जीवाणू नाहीत, नुसता विषाणू. मी औषध थांबवलं. हळूहळू मूत्रपिंडं सावरली, मुलगी यंत्रावरून सुटली.

"एक विचारू?" त्या फोनवर प्रयोगशाळेतली बाई म्हणाली होती. "नमुना नक्की त्याच मुलीचा ना? पेशी काजळीनं ठासून भरल्यात. जन्मभर धुरात राबलेल्या म्हाताऱ्याच्या असतात तशा."

"मी स्वतः काढलाय."

"मग हे असं कसं, ते मला नका विचारू."

वडिलांविरुद्ध मी तक्रार केली नाही. मुलगी वाचली होती, दात काय, नवा बसवता येतो. घरी सोडायच्या दिवशी मी आईला सहज विचारलं, घरात कुणी धुराचं काम करतं का?

"ह्यांचे बाबा करायचे. लोखंडाच्या भट्टीवर होते." ती मुलीचे कपडे पिशवीत भरत होती. "गेले ते, हिच्या जन्माआधी. घरातच कुणीतरी सुरा खुपसला. इथे, डाव्या काखेखाली. कोण ते कधी कळलंच नाही. पोलीस ह्यांनाच छळत राहिले."

वडील दाराशी उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुलीनं त्यांच्याकडे हात पसरले. "मला उचल," ती म्हणाली. नळीमुळे तिचा घसा अजून बसलेला होता. निदान मी तरी तसं समजले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, जणू मी नाही म्हणावं. मग तिला कडेवर घेतलं. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा गळा घट्ट आवळला, तोंड त्यांच्या मानेत खुपसलं आणि एकदाच खोकली.

त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर काळा डाग पडला होता. आई तो पदरानं पुसत होती. वडील मात्र श्वास रोखून उभे होते.