शुक्रवारची रजा

महाराष्ट्र मंडळाच्या मे महिन्यातल्या कार्यक्रमाला सावनी नारायणपेठ नेसून आली होती, आणि त्या साडीखाली तिच्या पायात डोंगर चढायचे जाडजूड बूट होते.

बूट नवे होते. पायाला बसेपर्यंत ते रोज घालायचे, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. साडी जरा खाली नेसली की कोणाला दिसणार नाहीत, असा तिचा हिशेब. वाळवंटातल्या चँडलर गावातल्या शाळेच्या त्या हॉलमध्ये पावभाजीच्या रांगेपर्यंत तो बरोबरही ठरला. मग तिच्या हातून चमचा पडला... आणि तिच्याआधी दुसरंच कोणीतरी तो उचलायला वाकलं.

वाकलेला तो बराच वेळ वर येईना.

"चमचा सापडत नाहीये का?" सावनीनं विचारलं.

"सापडला." तो सरळ झाला. उंच, सावळा, ओठांत हसू दाबून धरलेला. "पण तुमचे शूज... वॉव! कुठला डोंगर चढताय? इथं स्टेजला तर तीनच पायऱ्या आहेत."

"त्यांचीच प्रॅक्टिस चाललीय."

तो हसला, आणि सावनीला उगीचच आपला पदर नीट करावासा वाटला.

त्याचं नाव नकुल. जन्म इथलाच, मराठी आईच्या धाकानं आलेलं, मधूनच अडखळणारं. हॉस्पिटलात तो दमेकऱ्यांची, फुप्फुसांच्या पेशंट्सची काळजी घ्यायचा. "म्हणजे लोकांना ब्रीद करायला मदत करतो," असं त्यानं सांगितलं. आणि प्लेट रिकामी होईपर्यंत तिच्याकडून सगळं काढूनही घेतलं. कोलोरॅडोत, सॅन वान डोंगरांमध्ये, झाडं संपतात त्याच्याही वर, खिंडीच्या पोटाशी एक लाकडी हट आहे; जुलैत तिला तिथं पोचायचंय. पहाटे निघायचं, छातीवर येणारा चढ चढायचा, तिथं गरम सूप प्यायचं आणि अंधाराआधी खाली यायचं.

"मागच्या वर्षी गेले होते," सावनी म्हणाली आणि प्लेटमधल्या कांद्याकडे बघू लागली. "पोचले नाही."

"या वेळी मी येऊ बरोबर?" नकुलनं विचारलं.

मग दर शनिवारी, ऊन तापायच्या आत, दोघं गावाबाहेरची टेकडी चढू लागले. वजनाची सवय व्हावी म्हणून पाठीवरच्या बॅगेत तांदळाची पिशवी.

"तांदूळ कुठला?" धापा टाकत नकुलनं विचारलं.

"आंबेमोहोर."

"म्हणूनच तुमच्या मागून चालायला मला इतकं आवडतं!"

"वासासाठी?"

"वासासाठीच..." तो म्हणाला – पण कान लाल झाले होते त्याचे.

जुलै जवळ आला, तसा एका दुपारी कॉफी शॉपमध्ये नकाशा पसरून दोघं बसले. सावनीनं बेत सांगितला. शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडी काढायची, रात्री पायथ्याशी पोचायचं, पहाटे चढायला लागायचं.

"नाही," नकुल म्हणाला. "गुरुवारी निघू. शुक्रवारी तिथं नुसतं बसायचं. हवा पातळ असते, बॉडीला सवय होऊ दे."

"शुक्रवारची रजा? अशक्य! माझ्या सगळ्या रजा डिसेंबरच्या. आई-बाबांना तारखा कळवून झाल्यात."

तिच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत भारतातून आलेले सगळेच असे. तापात फणफणत कामावर येतील, पण इंडिया ट्रिपच्या रजेला हात लावणार नाहीत.

"लास्ट इयर कसे गेला होतात?"

"असंच. ऑफिसच्या ग्रुपबरोबर. शुक्रवारी रात्री पोचलो आणि पहाटे..." ती थांबली. मग एकदम सगळं बाहेर पडलं. झाडं संपली तिथं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या. ग्रुपमधला एकजण म्हणाला, तू बस या दगडावर, तुझ्यात तेवढा दम नाही. सगळे वर गेले, सूपचे फोटो घेऊन परत आले. "नाशिकला होते तेव्हा उड्या मारत गड चढायचे मी, नकुल. त्या दिवसापासून वाटतं, आता मी त्यातली राहिलेच नाही. या वेळीही नाही जमलं तर... परत डोंगराचं नाव घेणार नाही."

नकुलनं पेन्सिल खाली ठेवली.

"सावनी, तुम्ही वीक नव्हता. प्लॅन वीक होता. चँडलरमधून एका रात्रीत एवढ्या हाइटवर? मी असतो तर त्या माणसाच्या बुटांवरच ओकलो असतो."

ती खळखळून हसली. हसता हसता डोळे कधी भरले, तिलाच कळलं नाही. वर्षभर आपण ज्याला स्वतःचा कमीपणा समजलो, तो नुसता रजा वाचवण्याचा हट्ट होता! तिनं डोळे पुसले, फोन घेतला आणि मॅनेजरला लिहिलं – शुक्रवारी येणार नाही.

"आता ते 'तुम्ही' म्हणणंही बंद कर," ती म्हणाली.

"आई म्हणते, लेडीजना तुम्हीच म्हणायचं."

"मग तुझ्या आईशी बोलावं लागेल मला."

"प्लीज... बोल ना!"

शुक्रवारभर दोघं पायथ्याच्या गावात ओढ्यात पाय सोडून बसले. सारखं पाणी प्यायचं आणि सुस्तावायचं, एवढंच काम. दुपारी मात्र आभाळ कडाडलं.

"म्हणून बाराच्या आत हट," नकुल म्हणाला. "नाहीतर असू तिथून परत. डील?"

"डील."

शनिवारी उन्हं वर आली तसे पाइन विरळ होत गेले. एका वळणावर सावनी थांबली. तोच दगड. तिनं डोळे मिटले, डोक्यात कळ येते का बघितलं. नव्हती! नुसतं काळीज धडधडत होतं, जोरात, मजेत.

पश्चिमेला ढग फुगत चालले होते. अकरा वाजून गेले होते, आणि समोर निसटत्या दगडांचा उभा चढ.

"परत फिरलो तरी मला चालेल," नकुल हळूच म्हणाला. "खरंच."

"अजून बारा वाजले नाहीत."

एक पाऊल, एक श्वास. एक पाऊल, एक श्वास. मागं त्याच्या बुटांचा आवाज येत होता... ती थांबली की थांबणारा, कधीच घाई न करणारा. आणि मग, बारा वाजायच्या जरा आधी, चढाच्या माथ्यावर आधी धूर दिसला, मग धुराडं, मग आख्खं छप्पर!

सावनी धावली. त्या उंचीवर कोणी धावत नाही. चार पावलांतच तिचा दम गेला आणि ती दाराच्या चौकटीला लटकली. तशीच ओरडली, "पोचले! नकुल, मी पोचले!" आत सूप पीत बसलेली मंडळी चमकून वळली, आणि मग टाळ्या वाजवायला लागली.

दोघं शेगडीजवळ टेकतात न टेकतात, तोच पत्र्यावर गारा तडतडू लागल्या.

"मला काही सांगायचंय," नकुल म्हणाला. "पण... खाली गेल्यावर सांगतो. इथं सांगितलं तर म्हणशील, हाइटमुळे बरळतोय."

"मग मी सांगते. माझं डोकं अगदी ठिकाणावर आहे." सावनीनं त्याचा गार हात आपल्या हातांत घेतला. "मला तू आवडतोस."

"काय? गारांमुळे ऐकू नाही आलं."

"खोटारडा!"

"खरंच. मोठ्यानं म्हण."

ती उभी राहिली आणि सगळ्या हटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला तू आवडतोस!"

शेगडीपाशी सूप ढवळणाऱ्या, पिकल्या वेणीच्या म्हातारीला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. तिनं नकुलच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, पळी वर उचलली आणि म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स!"