पायताणांची तोंडं

दारात एक अनोळखी माणूस उकिडवा बसून अण्णांची पायताणं फिरवत होता.

"ओ पावणं! हात लावू नका त्यांना."

तो दचकून उठला. उंच, सावळा, खांद्याला कापडी पिशवी. "माफ करा... सवय हाय. मी राजशेखर. अण्णांना जपानी शिकवतो. आईचं ऑपरेशन होतं, म्हणून गावी नेसरीला होतो महिनाभर. अण्णा हायत न्हवं?"

त्याची नजर माझ्यावरून आत गेली, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवर, आणि तिथेच थांबली.

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कसबा बावड्यातल्या याच घरात, हौसेनं ही शिकवणी लावली होती.

"जपानात पाहुण्याच्या चपलांची तोंडं दाराबाहेर करून ठेवतात," तो हळू म्हणाला. "निघताना सोपं जावं म्हणून."

"अण्णा पाहुणे नाहीत."

मी पायताणं पुन्हा घराकडे वळवली. शेवटचे घरी आले तेव्हा त्यांनी काढली होती तशी.

तो फाटकापर्यंत गेला. मग मीच हाक मारली, "त्यांचा धडा कुठवर आला होता?"

"ऋतूंपर्यंत."

"तिथून पुढं मला शिकवाल?"

"तिथून न्हाय." तो पहिल्यांदा हसला. "पहिल्यापासून."

ओसाकाच्या कारखान्यात काही वर्षं काढलेला हा माणूस एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. जपानी सुरू झालं की मात्र आवाज इतका खाली यायचा, की मला पुढं वाकावं लागे.

"सेन्सेई, गुरुजी, जरा मोठ्यानं बोला की."

"मोठ्यानं बोलल्यावर तुम्ही जवळ कशाला याल?"

मी घाईनं पान उलटलं... धडा मागच्याच पानावर राहिला.

सांत्वनाचा एक शब्द त्यानं कधी काढला नाही. आल्यावर स्वतःचे बूट रस्त्याकडे वळवून ठेवायचा, आणि अण्णांच्या पायताणांना वळसा घालून आत यायचा. त्याचं जपानी मला आवडायचं. हा वळसा त्याहून जास्त.

एका संध्याकाळी त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "ओसाकाहून बोलावणं आलंय. आज उत्तर द्यायचंय."

"जाणार?"

"थांब म्हणणारं कुणी न्हाय की."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. 'थांब'ला जपानीत काय म्हणतात, हे त्यानंच शिकवलं होतं. पण "आलेच..." म्हणत मी दारात गेले.

कारखान्याकडून मळीचा वास येत होता. अण्णांच्या सदऱ्याला यायचा तोच. मी उंबऱ्यापाशी खाली बसले. वेळ लागला.

तो बाहेर आला तेव्हा अण्णांच्या पायताणांची तोंडं रस्त्याकडे होती. त्याच्या बुटांची, घराकडे.

तो खाली वाकला. "उलटे ठेवलेत की."

"बरोबर ठेवलेत."

"मग मी जाऊ कसा?"

"बघा... जमतंय का."

आतून आईची हाक आली, "प्रियू, दिवस मावळायला आलाय, पानं वाढते. मास्तर जेवणार हायत का?"

"व्हय की, मावशी!"

तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की ऐकायला जवळ यायची गरजच नव्हती. मी आधीच आले होते.