ब्रेकवरचा पाय

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो. जर्मनीत, इंगोलश्टाटला, आमच्या खालच्या मजल्यावर हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर राहायचे; तोंडात कायम पाइप. ते वारले, आणि त्यांची जुनी, दोन सीटांची लाल स्पोर्ट्‌स कार त्यांच्या बायकोने मला विकली. माझी बायको ऊर्जा म्हणाली, "माझ्या बाबांना हिच्यात बसवणार असशील, तर आधी ब्रेक नीट कर." सासरे पुण्याहून आले होते आणि रविवारी त्यांना डोंगरात फिरवून आणायचं मी कबूल करून बसलो होतो. रविवारी इथे हातोडी वाजली की शेजारी दारात येऊन उभे राहतात, म्हणून शनिवारीच काम उरकणं भाग होतं.

मागच्या चाकांचे दोन्ही कॅलिपर मी खोलले. ब्रेक दाबला की चाकाची डिस्क चिमटीत पकडतो तो कॅलिपर. गंज घासला, पिस्टन चकचकीत केले, नवी रबरं घातली आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. आता आतली हवा तेवढी काढायची होती. त्याला दोघं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन कॅलिपरवरचा स्क्रू सैल करायचा, म्हणजे ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. सासरे मोठ्या रुबाबात सीटवर बसले.

संध्याकाळ झाली होती, बाहेर दाट धुकं. तळघरातल्या गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलचा उग्र वास भरला होता.

"दाबा, बाबा."

"दाबलं!"

"सोडा."

असं बराच वेळ चाललं. मग त्यांचं उत्तर येईनासं झालं. पण पेडल अगदी वेळेवर दाबलं जात होतं. म्हटलं, कंटाळले असतील. बुडबुडे थांबले तसा मी स्क्रू आवळला.

"झालं. सोडा."

पेडल वर येतानाची कुरकुर ऐकू आली नाही.

"बाबा... सोडा ना..."

गॅरेजचा दिवा आपोआप विझला. अंधारात तंबाखूचा गोडसर वास आला. आमचे सासरे सुपारीसुद्धा खात नाहीत.

तेवढ्यात जिन्यावरून त्यांचाच आवाज आला. दिवा लावून, चहाचा ट्रे सांभाळत ते आत आले. "अहो जावईबापू, ते म्हातारे शेजारी आले ना, मी बसतो म्हणाले खुणेने. म्हटलं, तोवर चहा आणू."

मी उठून पाहिलं. सीट रिकामी, आणि पेडल पार तळाला टेकलेलं. पण हवा निघाली असेल तर पेडल वरच घट्ट अडतं, तळाला जातच नाही! मी टॉर्च मारली. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे बसवला होता मी. त्यामुळे स्क्रू आले खाली आणि हवा राहिली वर, अडकून. तसाच सासऱ्यांना घेऊन घाट उतरलो असतो तर...

"डांके, हेर लिंडनर," मी आभार मानत पुटपुटलो. पेडल कुरकुरत वर आलं.

कॅलिपर अदलाबदल करून सगळं पुन्हा केलं. या खेपेला पेडल कोण दाबतंय, ते मी विचारलं नाही.

रविवारी लख्ख ऊन पडलं होतं. सासरे मजेत गाणी गुणगुणत होते, घाट झकास उतरला. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर, माझा पाय ॲक्सिलरेटरवर असताना, गाडी हळूच थांबली. ब्रेकचं पेडल तळाशी नव्हतं, पण दाबलेलं होतं. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही.

"वा! काय लागतात हो ब्रेक!" सासरे खूश.

थोड्या वेळाने पेडल आपसूक सुटलं. हेर लिंडनरनी कुणाला तरी रस्ता ओलांडू दिला होता. कुणाला, ते मला दिसलं नाही.