धक्क्यावरची हाक

घडलं तसंच लिहिते आहे. भर घातलेली नाही. उलट एक गोष्ट गाळावीशी वाटत होती, तीही लिहिते.

गेल्या डिसेंबरची बारा तारीख. संध्याकाळचे साडेपाच. धुळ्यात पांझरेकाठचा जुना दगडी धक्का.

पूर्वी फरशी पूल पुराखाली गेला, की इथून देवपूरला नाव सुटायची. तिचे शेवटचे नावाडी उखर्डूनाना.

माझे वडील, आबा.

नोव्हेंबरात धक्क्याची डागडुजी झाली, दिवे लागले, समारंभ झाला. मी इतिहास शिकवते, म्हणून माहिती सांगायला माईक माझ्या हातात. आबा न बोलावता आले. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर वल्हं. थेट पाहुण्यांसमोर उभे.

पाहुण्यांनी मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हणाले, "इथले जुने नावाडी."

एवढंच.

आबांनी मला हात जोडले. म्हणाले, "हां, मॅडम."

अठरा दिवसांनी ते गेले. मधल्या दिवसांत तो विषय ना त्यांनी काढला, ना मी.

बारा तारखेला त्यांचं तेरावं उरकून नातेवाईक पांगल्यावर मी एकटीच धक्क्यावर आले. पायऱ्यांवर मुलंमुली फोटो काढत होती. त्यांत माझे दोन विद्यार्थी.

शेंगा विकणारा कुंदन म्हणाला, "मॅडम, इतकं काय देखी ऱ्हायन्यात? घोटाभर पानी शे. कोंबडी बी बुडस नही!"

मला हसू आलं.

आणि पलीकडून हाक आली...

"कोणी ऱ्हायनं का...?"

कुंदनचा हात शेंगांत तसाच राहिला. "हाई हाक कोणी मारी?"

पलीकडे कोणी नव्हतं. नुसती वाळू.

शेवटच्या फेरीआधी आबा अशी तीनदा हाक देत. मागे राहिलेल्याने आपलं नाव सांगायचं, आणि आपण कोणाचे तेही. पुरात काठावरून भलतंच काही ओ देतं, असं नावाडी मानत. आपण कोणाचे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला नावेत घ्यायचं नाही.

दुसरी हाक आली.

"मी... मृणाली," मी पुटपुटले.

"कोनी पोर...?"

कोणाची पोर?

विद्यार्थी चार पायऱ्यांवर होते. माझी मान खाली गेली. शब्द तोंडाशी आले आणि मी गिळले.

पुन्हा. दुसऱ्यांदा.

तिसरी हाक फार लांबून आली...

तेव्हा मी ओरडले, "उखर्डू नावाड्याची! आबा, मी तुमची पोर!"

फोटो थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग वल्ह्याचा आवाज आला. घोटाभर पाण्यात, पण खोल डोहात पडावं तसा. चुळुक... चुळुक...

तो जवळ येत नव्हता.

लांब जात होता.

कुंदन हळूच म्हणाला, "तुम्ही उखर्डूनानानी पोर? त्या दिन मी आठेच व्हतू. मंग तव्हय का बोल्यात नही?"

म्हणजे समारंभाच्या दिवशी तोही इथेच होता.

आता रोज साडेपाचला जाते. कोणीही विचारलं तरी आबांचं नाव सांगते. न विचारताही सांगते. हाक मात्र पुन्हा आलेली नाही.

माझी ओ त्यांना ऐकू आली, की ती यायच्या आत नाव सुटली होती... हे सांगणारं आता कोणी नाही.